सहल चौघांची, यादी मात्र एकटीची

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका नोकरदार भगिनीचे हे पत्र आहे. डिसेंबरात रजा काढून कुटुंबासह छत्रपती संभाजीनगर आणि परिसर पाहून यावा, असे त्यांनी ठरवले आहे. बरोबर यजमान, ७६ वर्षांच्या सासूबाई आणि उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली लेक. यजमानांना किल्ले आणि इतिहास हवा, लेकीला अजिंठ्याची चित्रे, त्यांना स्वतःला पैठणीचे माग आणि एखादी निवांत बाग. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांनी काहीच मागितलेले नाही. सर्वांची मने राखण्यासाठी या भगिनींनी तीन दिवसांत चौदा ठिकाणे बसवणारे तासवार वेळापत्रक आखले असून ते पत्रासोबत जोडले आहे. दोन वर्षांपूर्वीची अशीच एक सहल अबोल्यात संपली होती, त्यामुळे धास्तीही आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत : वेळापत्रकात काय बदलावे, सासूबाईंना घरी ठेवणे त्यांच्याच हिताचे ठरेल का, आणि विणकराच्या घरी जाऊन साडी न घेता परत येणे वाईट दिसेल का. "साडीच बघायची तर दादरला काय कमी आहे, असे हे म्हणतात, आणि मला उत्तर सुचत नाही," असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे वेळापत्रक मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी कौतुक वाटले आणि दुसऱ्या वेळी दमायला झाले. "पाणचक्की ९.०० ते ९.४०, मकबरा १०.०० ते ११.१५" अशा ओळींमधून तुमचा नोकरीतला नेटकेपणा दिसतो, परंतु त्या चौदा ओळींमध्ये चहाला जागा नाही, सासूबाईंनी कुठे टेकावे याचा उल्लेख नाही, आणि कोणत्या ओळीची वाट कोण पाहत आहे हेही कळत नाही. शिवाय तुम्ही वेरूळ मंगळवारी ठेवले आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, त्यामुळे इतक्या मेहनतीने रचलेला हा डोलारा दुसऱ्याच दिवशी एका बंद फाटकापाशी कोसळला असता. ही चूक सुधारणे सोपे आहे आणि त्याकडे मी पुढे येतेच. वेळापत्रकाखाली दडलेल्या तुमच्या काही समजुती मात्र मला आधी तपासून पाहाव्याशा वाटतात, कारण त्या तशाच राहिल्या तर वार बदलूनही मागच्या सहलीचीच पुनरावृत्ती होईल.

पहिली समजूत अशी की किल्ले, चित्रे, माग आणि बाग ही चार वेगळी खाती आहेत आणि ती घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावावर आहेत. यजमानांच्या खात्यात दोन जागा जमा झाल्या की लेकीच्या खात्यात एक टाकायची, आणि उरलेल्या वेळात आपले माग चोरून बसवायचे, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. ज्या शहरात तुम्ही जाणार आहात ते या हिशेबाला मुळीच जुमानणारे नाही, हे तुम्हाला तिथले पाणी सांगेल.

मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम आणि पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर. त्याने १६१० मध्ये खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले. आजच्या शहराचा उगम तिथला आहे. दख्खनच्या या कोरड्या पठारावर मोठे शहर वसवायचे तर पाण्याची सोय आधी हवी, म्हणून उत्तरेकडच्या डोंगरांतले झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बांधीव पाटांतून आणि खापरी नळांतून गावात खेळवण्यात आले. तीच नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या गेल्या, आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी उंचावरून सोडलेल्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवणारी पाणचक्की त्यांतल्याच एका नहरीवर चालली. तिथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी पीठ दळले जाई. पाणी आले म्हणून लष्कराची छावणी टिकली, छावणीबरोबर दरबार आला, आणि दरबाराबरोबर त्याला लागणारे विणकर, जरीकाम करणारे आणि रंगारी आले. सूत आणि रेशीम एकत्र विणून किनखापासारखी झळाळी साधणारे हिमरू हे कापड अशाच आश्रयावर वाढले. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ १६६० च्या सुमारास बीबी का मकबरा उभारला गेला तेव्हा त्याच्याभोवती चार भागांत विभागलेली चारबाग आखता आली, तीही पाणी होते म्हणूनच.

आता सांगा, पाणचक्की कोणाच्या खात्यात टाकायची? ती यजमानांचा इतिहास आहे, तुमच्या बागेचे मूळ आहे, आणि मागावरच्या कापडाचे कारणही आहे. तुम्ही तिला चाळीस मिनिटे दिलीत, आणि पाणी पडताना पाहून छायाचित्र काढायला तेवढी पुष्कळ झाली. परंतु हीच गोष्ट मनात धरून शहर पाहिलेत, तर मकबऱ्याच्या बागेतल्या मधल्या हौदाशी उभे राहून यजमान तुम्हाला इतिहास सांगू लागतील आणि तुम्ही त्यांना हिमरूबद्दल सांगू शकाल. जाता जाता एक तक्रार नोंदवून ठेवते. या मकबऱ्याला "गरिबांचा ताज" म्हणण्याची आपली खोड काही जात नाही. आग्र्याशी तुलना करण्याच्या नादात माणसे घुमटाकडे पाहून नाक मुरडतात आणि दख्खनच्या काळ्या दगडावर चुन्याच्या गिलाव्यात केलेले नाजूक नक्षीकाम तसेच मागे टाकून निघून येतात.

अजिंठा आणि पैठणी यांचेही नाते असेच आहे. तुमच्या लेकीच्या खात्यातला अजिंठा आणि तुमच्या खात्यातला माग यांच्यामध्ये एक कमळ आहे. पैठणीच्या पदरावरचे जे नक्षीकाम "अजंठा कमळ" या नावाने ओळखले जाते ते तुम्हाला विणकर दाखवतीलच, आणि लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ मधल्या चित्रांत माणसांच्या अंगावरची वस्त्रे नीट पाहिलीत तर पट्टे, ठिपके, पक्ष्यांच्या रांगा अशी कितीतरी विणकामे तुम्हाला ओळखू येतील. चित्रकाराने कापड पाहून रंगवले आणि पुढच्या विणकराने चित्राचे कमळ कापडावर आणले. लेकीला पैठणीत रस नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे. ही एक गोष्ट तिला सांगून पाहा.

तिला आणखी एक सांगा, कारण ते तिच्या मुंबईचे आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या मुंबईच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत. हे काम १८८५ पर्यंत चालले. त्यांतल्या बऱ्याच नकला पुढे लंडनमध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या, ही हळहळण्याची गोष्ट वेगळी. या मंडळींनी वर्षानुवर्षे ज्या भिंतींसमोर बैठक मारली, त्या सगळ्यांना मिळून तुमच्या वेळापत्रकात दीड तास आहे. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा सव्वीस लेण्यांत डोकावून आले होते आणि घरी परतल्यावर एकाही चित्रातला एकही चेहरा आठवेना. दुसऱ्या वेळी चारच लेणी पाहिली. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही काळ नुसते उभे राहावे लागते, आणि त्यानंतर कुठे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या झुकलेल्या पापण्या दिसू लागतात. फ्लॅश वापरायला मनाई आहे हे चांगलेच आहे. मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली ही चित्रे फार नाजूक झाली आहेत.

दुसरी समजूत मला अधिक महत्त्वाची वाटते. कुटुंबाची सहल म्हणजे चौघांनी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच ठिकाणी, एकाच वेळी असले पाहिजे, हे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. पण तुमच्या चौदा ओळी त्याच पायावर उभ्या आहेत. मागच्या सहलीबद्दल तुम्ही लिहिता की यजमान किल्ल्यावर रेंगाळले, लेक पायथ्याशी मोबाइलमध्ये डोके घालून बसली, सासूबाई उन्हात ताटकळल्या आणि तुम्ही तिघांचीही समजूत घालत राहिलात. मला विचाराल तर त्या दिवशी कोणीही वाईट वागले नाही. जे एकट्याने किंवा दोघांनी करायचे होते ते चौघांनी केले, एवढेच झाले. घरच्या लग्नात सगळी माणसे सगळा वेळ मांडवात बसत नाहीत. कोणी स्वयंपाकघरात असते, कोणी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाते, आणि तरी लग्न सगळ्यांचे असते. तुमच्या सहलीतही गाडीतले सहा-सात तास, रात्रीचे जेवण आणि एखादी संध्याकाळ एवढे एकत्र पुरे आहे. दिवसा पांगा. संध्याकाळी प्रत्येकाजवळ दुसऱ्याने न पाहिलेले काहीतरी सांगायला असेल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. बुधवार ते शनिवार जा आणि रविवार घरी घालवा, म्हणजे कपडे धुऊन, पाय पसरून सोमवारी कामावर जाता येईल. शनिवार-रविवारची गर्दीही बरीचशी टळेल. बुधवारी सकाळी मुंबईहून सुटणारी तपोवन एक्स्प्रेस धरली तर दुपारपर्यंत पोहोचता येते. त्या दिवशी काहीही पाहू नका. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मोटारीने जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, पण गुडघेदुखीच्या माणसाला रेल्वेत उठून चार पावले चालता येते आणि सगळेजण समोरासमोर बसतात, म्हणून मी रेल्वेच्या बाजूने आहे.

गुरुवार यजमानांचा, परंतु अर्धाच. दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, वेरूळच्याच रस्त्यावर आहे. कडा तासून उभा केलेला डोंगर, खंदक, वाट चुकवणारी अंधारी आणि शेकडो पायऱ्या, हे सगळे ज्याला मनापासून आवडते त्यानेच ते चढावे. गाडी ठरवताना चालकाला आधीच सांगा की सकाळी लवकर दोघांना किल्ल्याशी सोडायचे, मग परत शहरात येऊन उरलेल्या दोघींना सावकाश घ्यायचे. मधल्या दोन-अडीच तासांत १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्ली सोडून राजधानी इथे का आणली, यावर यजमानांनी लेकीला हवे तेवढे व्याख्यान द्यावे. तुम्हाला ते ऐकावे लागणार नाही आणि त्यांना मध्येच कोणी "आटपा" म्हणणार नाही. दुपारी चौघे मिळून वेरूळ करा. इथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारचा प्रकाश आत शिरतो. लेणी एकूण ३४ आहेत. तुम्ही कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे, आणि फार तर आणखी दोन पाहा. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, अखंड डोंगर वरून खाली खोदत आणून घडवलेल्या त्या मंदिराच्या प्रांगणात सासूबाईंना फार न चढता जाता येते, आणि घृष्णेश्वर तिथून जवळच आहे.

शुक्रवारी दोन वाटा करा. अजिंठा शहरापासून १०० किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी फर्दापूरच्या तिठ्यापाशी सोडून तिथून बसने लेण्यांपर्यंत जायचे आणि पुढे पायऱ्या चढायच्या. तिथे डोलीची सोय असते हे खरे. तरी जाण्यायेण्यात पाच तास घालवून शेवटी डोलीत बसणे सासूबाईंना रुचेल असे त्यांच्या तुम्ही केलेल्या वर्णनावरून वाटत नाही. तेव्हा अजिंठ्याला लेक आणि तिचे बाबा जाऊ देत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, म्हणजे यजमानही तिथे रिकामे बसणार नाहीत. तुम्ही आणि सासूबाई विरुद्ध दिशेला, सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणला जा.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचलो. सासूबाईंना घरी ठेवणे "त्यांच्याच हिताचे" ठरेल का, असे तुम्ही विचारता, आणि पुढच्याच ओळीत लिहिता की त्यांना अजून विचारलेले नाही. हे विचारणे आधी व्हायला हवे होते, असे स्पष्टच सांगते. त्यांनी काही मागितले नाही याचा अर्थ त्यांना काही नको आहे असा होत नाही. त्यांच्या पिढीतल्या बायकांना सहलीत आपले काही मागायचे असते हे कोणी सांगितलेलेच नव्हते. पैठणला एकनाथांचा वाडा आहे, समाधी आहे, गोदावरीचा घाट आहे. तुम्ही वेळापत्रकात "पैठण – माग – ४५ मिनिटे" असे लिहिलेत तेव्हा घरातले एक माणूस नाथांच्या गावाला कदाचित निराळ्या कारणासाठी जाऊ इच्छित असेल, हे तुमच्या ध्यानात आले नाही. त्यांच्या लग्नात किंवा त्यांच्या आईच्या पेटीत जरीकाठाचे एखादे लुगडे होते का, हेही विचारा. मागासमोर बसल्यावर काठाचे नाव तुमच्याआधी त्याच सांगतील, अशी शक्यता बरीच आहे. आणि विचारल्यानंतर "मला नको, तुम्ही जाऊन या" असे त्या खरोखरच म्हणाल्या तर एकदाच आग्रह करा आणि मग त्यांचे म्हणणे खरे माना.

आता माग. यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला सुचत नाही, कारण तुम्हीसुद्धा मनातून हस्तकला म्हणजे खरेदी हेच धरून चालला आहात. दादरच्या दुकानात साडी दिसते. ती कशी होते ते दिसत नाही. हातमागाच्या पैठणीत अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या धोट्याने आणि दोन्ही काठांचे बाणे वेगळ्या धोट्यांनी चालतात आणि प्रत्येक ओळीत ते एकमेकांत अडकवत न्यावे लागतात. पदरावरचा मोर तर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या तिल्ल्या हातांनी ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, फिरवून, ओळीओळीने भरला जातो. बसल्या बैठकीला काही बोटे पदर वाढतो. साध्या काठाच्या साडीला महिना लागू शकतो आणि भरगच्च पदराच्या साडीला वर्षही. यजमानांना देवगिरीच्या तटबंदीत जी हिकमत दिसते ती त्यांना या काठाच्या जोडात दाखवून द्या. मात्र हे पैठणला नेऊन करण्याची गरज नाही, शुक्रवारी रात्री जेवताना एखादा हातरुमाल पुढ्यात ठेवूनही करता येईल.

विणकराच्या घरी जाऊन काही न घेता येण्याबद्दल तुम्हाला वाटणारा संकोच मला रास्त वाटतो, पण त्याचे कारण तुम्ही समजता ते नाही. पन्नास हजारांची साडी न घेतल्याने विणकराचा अपमान होत नाही. मुंबईहून आलेला प्रत्येक माणूस घेणार नाही हे तो आपल्यापेक्षा चांगले ओळखतो. नुकसान होते ते त्याच्या वेळेचे. बहुतेक विणकरांची मजुरी कामावर ठरते, त्यामुळे तुमच्याशी बोलण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या पदरचा जातो. म्हणून आधी फोन करून किंवा कोणामार्फत विचारून जा, दारातच सांगा की आम्ही पाहायला आणि समजून घ्यायला आलो आहोत, साडी घेण्याचा विचार आज नाही, आणि अर्ध्या तासात उठा. घरी मागापाशी जाणे अवघड वाटले तर पैठणच्या शासकीय पैठणी केंद्रात माग पाहता येतात आणि तिथे पाहुण्यांची सवय आहे. छोटा बटवा, रुमाल, दुपट्टा असे काही तिथे असेल आणि आवडले तर सांगितलेल्या किमतीला घ्या. गंमत म्हणून घासाघीस करण्याची मुंबईची सवय या दारात नेऊ नका. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारा, विशेषतः अर्ध्यावर विणलेल्या नव्या नक्षीचे. चांगली नक्षी यंत्रमागावर उतरवली जायला आता वेळ लागत नाही. हातात अंगठ्या, बांगड्या असतील तर ताण्याला हात लावू नका, तो रेशमाचा एकेक तंतू ताणून बसवलेला असतो.

घ्यायचीच झाली तर पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या पैठणीत मोराचे उलटे अंग सुलट्याइतकेच स्वच्छ असते. यंत्रमागावरच्या साडीत मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कातरलेले दिसतात. दोन-तीन हजारांत कोणी "अस्सल हातमागाची" म्हणून पैठणी देऊ लागले तर महिन्याभराची मजुरी त्यात कुठे बसली, हे मनाशी विचारून पाहावे. यंत्रमागाची साडी घेण्यात काहीच गैर नाही, ती हातमागाची म्हणून घेण्यात आहे.

राहिली बाग. तुम्ही तीन बागा नोंदवल्या आहेत आणि प्रत्येकीला अर्धा तास दिला आहे. त्याच पत्रात, दुसऱ्याच संदर्भात, तुम्ही खिडकीच्या जाळीतल्या सहा कुंड्यांबद्दल आणि सकाळी नळ जाण्यापूर्वी त्यांना घालायच्या पाण्याबद्दल लिहिले आहे. मला वाटते, तुम्हाला बागा पाहायच्या नाहीत, तुम्हाला एका बागेत बसायचे आहे. तसे असेल तर तिसऱ्या दिवसावर भार टाकणाऱ्या दोन बागा काढून टाका. पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानाची बराच काळ आबाळ झाली आहे, तेव्हा ते उघडे आणि बघण्यासारखे आहे का हे स्थानिकांना विचारल्याखेरीज त्याच्यासाठी वेळ राखू नका. नाथसागराच्या जलाशयावर थंडीत स्थलांतर करून येणारे पक्षी मात्र डिसेंबरात असतात. सासूबाईंबरोबर काठावर बसून ते पाहण्यात एखादे उद्यान पाहिल्याइतकेच समाधान आहे. शनिवारी सकाळी, फाटक उघडताच, मकबऱ्याच्या चारबागेत जा आणि तास-दीड तास एका ठिकाणी बसा. ज्याला इमारत पाहायची असेल तो पाहून येईल. तिथून पाणचक्की, जवळपास कुठे हिमरूचा माग चालू असेल तर तो, आणि दुपारच्या गाडीने परत. तुमच्या चौदा जागांपैकी सात राहिल्या. सिद्धार्थ उद्यान, खुलताबाद आणि इतर पाच मी निर्दयपणे खोडल्या आहेत. त्यांतली एखादी परत घ्यायचीच असेल तर दुसरी एखादी सोडून घ्या.

ज्यांच्याकडे चार दिवस नाहीत अशा वाचकांनाही हीच रीत लहान प्रमाणात करता येईल. आधी मुंबईतच एक रविवार भायखळ्याला घालवावा. राणीची बाग आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच आवारात आहेत. १८७२ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय मुळात या प्रांतातल्या हस्तकला आणि उद्योगकला मांडण्यासाठी उभे राहिले, आणि घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून युरोपीय लोकांनी एलिफंटा हे नाव दिले तो हत्ती त्याच्या बाहेर उभा आहे. संग्रहालय त्या दिवशी खुले आहे याची खात्री करून जावे. बुधवारी सुट्टी असते. घरातले कोण कुठे रमते आणि कोण किती वेळाने कंटाळते, हे तिकिटांचा मोठा खर्च करण्याआधी तिथे समजते. तुम्हालाही हा रविवार मी सुचवेन. एका मुक्कामाची सवड असेल तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांचे आवाज ऐकत तांब्याच्या भांड्यांवरचे मठारकाम पाहावे आणि त्याच हाताची जुनी भांडी राजा दिनकर केळकर संग्रहालयात शोधावीत. तीन दिवस आणि कोकणची ओढ असेल तर सावंतवाडी उत्तम. तिथे राजवाडा, त्याच्या समोरचा मोती तलाव आणि वाड्याच्या आश्रयाने पुन्हा उभी राहिलेली गंजिफा, म्हणजे खेळाचे पत्ते रंगवण्याची कला, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० गोल पाने असतात आणि ती एकेक करून हाताने रंगवली जातात. चितार आळीतली लाकडी फळे आणि कुडाळजवळच्या पिंगुळीतली चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या ही त्याच परिसरातली. कोकणात "बाग" म्हटले की फुलांचे ताटवे शोधू नयेत. तिथली बाग म्हणजे पाटाचे पाणी खेळवलेली माड-पोफळीची सावली, आणि मालकाला विचारल्याशिवाय तिच्यात शिरायचे नसते.

तुमच्यासाठी शेवटची व्यवहाराची गोष्ट. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा डिसेंबरसाठी ऑक्टोबरातच हालचाल करावी लागेल. त्याआधी एका संध्याकाळी तुमचे ते वेळापत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवा, पेन्सिल यजमानांच्या, लेकीच्या आणि सासूबाईंच्या हातात द्या, आणि प्रत्येकाला दोन ओळी खोडायला आणि एका ओळीपुढे स्वतःचे नाव लिहायला सांगा. तुम्ही त्या वेळात कुंड्यांना पाणी घाला. सासूबाईंनी कशापुढे नाव लिहिले ते मला जरूर कळवा.